वालेंसियात सायकल रिपेअरला टाकली: दुकानाचा रिव्ह्यू, आणि मधल्या वेळात काय केलं ते

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. काम पाचपैकी पाच, वेळ पाळणं तीन, बसायची सोय शून्य, एकूण चार. दुकान स्पेनमधल्या वालेंसियात, रुसाफा नावाच्या भागात एका गल्लीत आहे. नाव टाकत नाही कारण मालकाला विचारलेलं नाही. पण पुण्यातून स्वतःची सायकल खोक्यात घालून तिकडे जाणारे आता आपल्यात बरेच झालेत, त्यातल्या कोणाची ना कोणाची वाट लागणारच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

तर झालं असं की विमानातून खोकं उतरलं तेव्हाच एक कोपरा चेपलेला होता. उघडलं तर मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) आत झुकलेला, म्हणजे तो ज्याला लटकतो तो हँगर वाकलेला, आणि मागच्या चाकाची फ्रीव्हीलच्या बाजूची एक तार तुटलेली. चाक फिरवलं की डुगडुगत ब्रेकपॅडला घासत होतं. एअरलाईनच्या काउंटरवर त्यांनी एक फॉर्म दिला, त्या फॉर्मचं पुढे काय झालं ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनने तेरुएलला जाऊन तिथून ‘ओहोस नेग्रोस’चा मार्ग करायचा होता. ही जुनी खाणीची रेल्वेलाईन, लोखंडाचं खनिज सागुंतोच्या बंदराकडे नेणारी, रूळ काढून तिचा सायकलमार्ग केलाय, जवळजवळ १६० किलोमीटर. हातात एकच दिवस, आणि गिअर टाकला की चेन आपल्या मर्जीने दोन दात पुढेमागे.

दुकान दहाला उघडलं. मेकॅनिक पन्नाशीचा, इंग्रजी जेमतेम, माझं स्पॅनिश त्याहून कमी, पण सायकलवाल्यांना भाषा फारशी लागत नाही, बोट दाखवलं की झालं. त्याने आधी सायकल स्टँडला चढवली आणि काही न बोलता चाकाच्या सगळ्या तारा दोन-दोन करून चिमटीत दाबून पाहिल्या, कुठली सैल कुठली ताठ ते. मग डिरेलर खोलून बाजूला केला आणि हँगरच्या भोकात एक लांब दांडीचं गेज फिरवून बसवलं. त्या दांडीचं टोक रिमला टेकवून चाकाच्या वर, खाली, पुढे, मागे नेलं आणि प्रत्येक ठिकाणी रिम आणि टोक यांच्यात किती फट राहते ते मला वाकून बघायला लावलं. खाली टोक टेकत होतं, वर करंगळी जाईल एवढी फट. म्हणजे काय बिघडलंय ते मला माझ्या डोळ्यांनी दिसलं, त्याच्यावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही. पुण्यात इतकी वर्षं सायकली रिपेअरला टाकतोय, हे असं मला कोणी दाखवलं नव्हतं. एका दुकानात तर (मोठं, एसी वगैरे) नुसतं लांबून बघून ‘साहेब, सगळं ड्राइव्हट्रेन बदलायला लागेल’ म्हणून सांगितलेलं आठवतंय.

मग या मेकॅनिकने मोबाईलवर टाईप करून भाषांतर दाखवलं. मतलब असा: हँगर ॲल्युमिनियमचा आहे, मुद्दाम मऊच असतो, म्हणजे मार बसला तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. एकदा सरळ करता येईल पण सरळ करताना तुटूही शकतो, आणि तुमच्या फ्रेमचा हँगर माझ्याकडे नाही, मागवला तर पुढच्या आठवड्यात. करू का? हा प्रश्न त्याने दोनदा विचारला. दुसऱ्यांदा माझं ‘सी’ ऐकूनच कागदावर लिहून घेतलं, हँडलला एक चिठ्ठी बांधली आणि घड्याळात पाच दाखवले. दुपारी दोन ते पाच बंद. यावर आपण पुणेकरांनी काही बोलायचं नसतं, मी पण नाही बोललो.

आणि अजून एक. मी म्हटलं चेनही बदलून टाक, आलोच आहे तर. त्याने चेन किती झिजली ते बघायचं छोटं मापाचं पान चेनवर ठेवलं, ते आत पडेना, मान हलवली, चेन अजून चालेल म्हणाला. धंदा सोडला माणसाने. इथेच मी मनातल्या मनात चार स्टार दिले होते.

आता पाचपर्यंत करायचं काय. दुकानात एक स्टूल, त्यावर टायर. बदली सायकल देतात का विचारलं तर नाही. आख्खं शहर सपाट, जुन्या गावाभोवती २०१७ पासून सायकलींचा वेगळा रिंग मार्ग, लहान पोरं, आज्या, पिशव्या लटकवलेले काका सगळे शिस्तीत सायकलवर, आणि आपण पायी. पायात क्लीटचे बूट, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकवायचा कडक तुकडा असलेले. सायकलवाल्याला याच्याइतकी शिक्षा नाही.

सुदैवाने माझी मावसबहीण तिथे नोकरीला असते आणि मावशी तिच्याकडे आलेली होती. मावसबहीण ऑफिसला गेलेली, मग मावशीला फोन केला, ती म्हणाली थांब तिथेच, घरी बसून मला पण कंटाळा आलाय. मावशी सत्तरीला टेकलेली, नारायण पेठेत वाढलेली, चालायला लागली की मी मागे पडतो.

पहिलं गेलो ला लोंखाला. रेशमाच्या व्यापाऱ्यांचा जुना बाजार, बांधकाम १४८२ ला सुरू झालं, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आतला मोठा हॉल बघण्यासारखा आहे, दगडी खांब पिळ दिलेले, वर जाऊन पसरतात आणि छत होतं. खाली संगमरवर, त्यावर माझे क्लीट टक टक टक, तिथला गार्ड आधी माझ्याकडे मग बुटांकडे बघायला लागला, शेवटी मी टाचांवर चालत फिरलो. भिंतीवर वरच्या बाजूला चारी बाजूंनी लॅटिनमध्ये एक लेख आहे. तिथल्या माहितीत अर्थ दिलाय: ही वास्तू पंधरा वर्षांत उभी राहिली, आणि जो व्यापारी बोलण्यात कपट करत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, व्याजाने पैसे लावत नाही, तो श्रीमंत होईल आणि शेवटी त्याला अमर जीवन मिळेल. मावशीने पूर्ण वाचलं आणि म्हणाली, ‘हे लक्ष्मी रोडला लावा म्हणावं.’ मी तिला चेनची गोष्ट सांगितली. ‘मग तो पाचला देणार म्हणजे पाचलाच देईल’, असं तिचं मत पडलं. (नाही दिली. पुढे येतंच आहे.) बाहेरच्या भिंतींवर पाणी पडायला जी दगडी चित्रं काढलीत त्यातली काही बरीच अश्लील आहेत, मावशीने ती सगळी नीट बघितली, मला मात्र ‘तू तिकडे बघ’ म्हणाली. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

समोरच सेंट्रल मार्केट. १९२८ ला उघडलेलं, लोखंड, काच आणि रंगीत फरशांचं, घुमटावर वारा दाखवणारा पोपट. मंडईत फिरायला ज्याला आवडतं त्याने इथे दोन तास ठेवावेत. आम्ही घाईत होतो, कारण बाराच्या आत कॅथेड्रलला पोचायचं होतं, गुरुवार होता.

गुरुवारचं कारण असं. वालेंसियाच्या आजूबाजूच्या शेतीला तुरिया नदीचं पाणी आठ पाटांनी मिळतं, आणि त्या पाण्यावरून शेतकऱ्यांची भांडणं झाली की ती सोडवायला एक न्यायालय आहे, शेकडो वर्षं चालत आलेलं, दर गुरुवारी बारा वाजता कॅथेड्रलच्या ॲपोस्टल दरवाज्यासमोर, उघड्यावर भरतं. ‘ट्रिब्युनल दे लास आगुआस’. न्यायाधीश म्हणजे शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले शेतकरी. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथे, आणि त्यावर अपील नाही. २००९ साली युनेस्कोने याचीही नोंद घेतली. आम्ही गर्दीत घुसलो. बाराचे टोल पडले, काळे झगे घातलेले लोक येऊन लाकडी खुर्च्यांवर गोल बसले, एका माणसाने एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारा केला, तक्रार आहे का? कोणी नाही. दुसरा पाट, कोणी नाही. असे आठही झाले, उठले आणि गेले.

‘एवढंच?’ मावशी.

एवढंच. आणि माझ्या मते तेच भारी आहे, तक्रार नाही तरी दर गुरुवारी येऊन बसायचं. आपल्याकडे हे नाही असं नका समजू. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे, बंधाऱ्यावरून पाट, पाटावर गावाने नेमलेला पाटकरी, कोणाची पाळी कधी ते ठरलेलं. फक्त आपण त्यांना कॅथेड्रलसमोर खुर्च्या टाकून दिल्या नाहीत. आणि पुणे शहराचं म्हणाल तर आपला कालवा २०१८ ला दांडेकर पुलापाशी फुटला तेव्हा कोणी कोणाला काय विचारलं ते आपल्याला माहितीच आहे.

नंतर सांता कातालिना चर्चजवळ ओर्चाता प्यायलो. चुफा नावाचा छोटा कंद असतो, शेजारच्या आल्बोराया गावाकडे पिकतो, तो भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून गार देतात. दूध अजिबात नाही. पहिला घोट घेतला की नाचणीच्या गोड आंबिलीची आठवण येते, मग खोबऱ्यासारखं काहीतरी, मग संपतं. मला आवडलं, मावशीने अर्धा ग्लास माझ्याकडे सरकवला. सोबत फार्तोन नावाचा लांब गोड पाव बुडवायला देतात, त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी विचारून घ्या.

कॅथेड्रलच्या मिकालेत मनोऱ्याला २०७ पायऱ्या आहेत, क्लीटच्या बुटांनी चढणार नव्हतो, सोडला.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. तिथे पाएया (पसरट भांड्यातला भात) दुपारी खातात, आणि खरी तिथली म्हणाल ती कोंबडी आणि सशाची, मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांसकट, माशांची नव्हे. तांदूळ शेजारच्या आल्बुफेरा सरोवराच्या काठचा. मावशी शाकाहारी, भाज्यांची वेगळी मिळाली पण दोन माणसांची ऑर्डर लागते, म्हणून मी पण तीच खाल्ली. चव ठीक, पण तळाला लागलेली खरवड हीच त्यातली मुख्य गोष्ट, तिथले लोक त्यासाठीच भांडतात म्हणे. मावशीने चमचा उलटा धरून अख्खं पातेलं खरवडलं, वेटर खूश.

मग सेरानोस दरवाजा. चौदाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला जुना वेशीचा दरवाजा, स्पेनमधल्या यादवी युद्धात माद्रिदच्या प्रादो म्युझियममधली चित्रं इथे लपवून ठेवली होती, वर बॉम्ब पडला तरी धक्का बसू नये म्हणून काँक्रीटचं छत घालून त्यावर भाताच्या तुसाचा थर दिला होता. तूस! मला हे फारच आवडलं.

आणि त्या दरवाज्यासमोरून पूल सुरू होतो, खाली बघितलं तर नदी नाही. झाडं, गवत, फुटबॉलची मैदानं, सायकली. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि खरं सांगायचं तर हा भाग सायकलवर असतो तर मी दहा मिनिटांत उडवला असता.

१४ ऑक्टोबर १९५७ ला तुरियाला मोठा पूर आला, किमान ८१ माणसं गेली, अर्धं शहर चिखलात. काही भिंतींवर पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याच्या खुणेच्या फरशा अजून आहेत. त्यानंतर त्यांनी ठरवलं की नदीच शहराबाहेर काढायची. दक्षिणेकडून नवा प्रवाह खणला, साधारण बारा किलोमीटरचा, त्याचा कायदा झाला १९६१ च्या डिसेंबरात. मावशीने हे वाचलं आणि थांबली. १९६१ च्या बारा जुलैला आपलं पानशेत फुटलं. ती तेव्हा पाच वर्षांची, वाड्याच्या जिन्यापर्यंत पाणी चढलेलं तिला आठवतं, आणि नंतर सगळ्या पेठेत उन्हात वाळत घातलेल्या गाद्या. त्या चिखलाचा वास कपाटातून किती वर्षं गेला नाही ते तिने पुलाच्या कठड्याला टेकून मला सांगितलं. हे मी आधी ऐकलं नव्हतं. आईकडून पण नाही.

पुढची गंमत अशी की रिकाम्या पात्रातून हायवे न्यायचा सरकारचा बेत होता. लोकांनी विरोध केला, आम्हाला हे पात्र हिरवं हवं म्हणून आंदोलन केलं, १९७६ ला पात्र शहराच्या ताब्यात आलं आणि १९८६ पासून बाग सुरू झाली. आज साधारण नऊ किलोमीटरची बाग, वरून जुने पूल तसेच, त्यातला त्रिनिदादचा १४०२ चा. पूल आहेत, कमानी आहेत, खालून पोरं स्केटिंग करतायत. आपण मुठेच्या पात्रात रस्ता केला, त्यांनी रस्ता होऊ दिला नाही, एवढं साधं आहे का? मला नाही वाटत. मुठा हलवता येत नाही, वर चार धरणं आहेत, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली, आणि २०२४ च्या जुलैत एकतानगरीत काय झालं ते ताजं आहे. आणि त्यांचंही सगळं छान नाही. त्याच २०२४ च्या २९ ऑक्टोबरला वालेंसिया प्रांतात पुन्हा महापूर आला, दोनशे वीसच्या वर माणसं गेली. जुनं शहर वाचलं, तुरिया नव्या पात्रातून निघून गेली. पण त्या नव्या पात्राच्या पलीकडची गावं, पायपोर्ता, कातारोहा, तिथे दुसऱ्याच एका ओढ्याचं पाणी घुसलं. मी ज्या बागेत झाडाखाली बसलो होतो तिथून काही किलोमीटरवर तेव्हा लोक घरातला चिखल उपसत होते, ही गोष्ट बाग बघताना डोक्यातून जात नाही. मावशी म्हणाली, ‘पाणी जाणार कुठे, कोणाच्या तरी दारात जाणारच.’

फुलांच्या पुलापर्यंत चालत गेलो, खाली मेट्रो स्टेशन, बाजूला आर्किटेक्ट कालात्रावाचा पांढरा कमानीचा पूल. त्यानेच केलेलं ते माशाच्या सांगाड्यासारखं सायन्स म्युझियम अजून पुढे, ते राहिलं. गलिव्हरच्या अंगावर चढायचं पोरांचं पार्क पण राहिलं. पाच वाजत आले होते.

पाचला दुकान उघडलं. सायकल तयार नव्हती. तो माझी चाकाची तारच तयार करत होता, कारण माझ्या मापाची त्याच्याकडे नव्हती, म्हणून लांब तार घेऊन कापली आणि एका हँडलच्या छोट्या मशीनवर टोकाला आटे पाडले. मी हे पहिल्यांदा बघत होतो त्यामुळे राग आला नाही, मावशीला आला. तिने त्याला मराठीत विचारलं, ‘अहो, पाच म्हणाला होतात ना?’ त्याने अत्यंत नम्रपणे मान झुकवून तिला ते टायरवालं स्टूल रिकामं करून दिलं. म्हणजे बसायची सोय शून्य नाही, मावशी असेल तर अर्धा स्टार.

मग चाकाचा आऊट (डुगडुगणं) काढला, कागद जाईल न जाईल इतका. हँगर पुन्हा गेज लावून दाखवला, चारी बाजूंना सारखी फट. आणि इतकं झाल्यावर हातात देईल की नाही? नाही. स्वतः गल्लीत दोन चकरा मारल्या, परत येऊन केबल पाव आटा फिरवली, परत चकरा. साडेसहा झाले. बिल चाळीस युरोच्या आत, हाताने लिहिलेलं, तार वेगळी, मजुरी वेगळी, हँगर सरळ केल्याचे वेगळे. पुण्याच्या हिशोबाने महाग आहे हे मान्य, पण त्यात मला न लागणारं एकही काम नव्हतं.

हँगर टिकला का? टिकला. सगळा मार्ग टिकला, बोगद्यांतून, पुलांवरून, खडीवरून. परत आल्यावर पेठेतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकला दाखवला तर त्याला हँगरचं काही नाही, तो त्या एका तारेचे आटे नखाने चाचपत बसला, मशीन कितीला मिळतं म्हणून विचारत होता.

तिकडे जाणाऱ्यांसाठी: आपल्या फ्रेमचा स्पेअर हँगर इथूनच घेऊन जा, तो तिथेही सहज मिळत नाही. सायकल सकाळी दहालाच टाका, दोननंतर गेलात तर दिवस गेला समजा, शनिवारी दुपारचं तर धरूच नका. पिशवीत साधी चप्पल ठेवा. बिघाडाचा वार निवडता येत असेल तर गुरुवार घ्या, आणि बाराला दहा कमी असतानाच कॅथेड्रलच्या दरवाज्यापाशी उभे राहा, मागच्या रांगेतून फक्त लोकांचे मोबाईल दिसतात.